मेळघाटची एक दिवसाची सहल : वाट कोण दाखवतो?

पावसाची झडी लागली की अमरावती आणि अकोल्याच्या वस्त्यांमधून चिखलदऱ्याच्या गाड्या निघायला लागतात. मंडळाची पोरं वर्गणी काढतात, क्रूझर किंवा मिनीबस ठरते, पहाटे निघून रात्री परत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या स्टेटसवर धुके, धबधबा आणि भाजलेले कणीस. यात वाईट काहीच नाही. आठवडाभर दुकानात, शिकवणीत, कंपनीत किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत घालवणाऱ्या तरुणांना डोंगर पाहण्याचा पूर्ण हक्क आहे. पण ज्याच्या भरवशावर आपण डोंगर पाहतो तो माणूस कोण, त्याला पैसे किती मिळतात, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, याची चौकशी आपण जवळजवळ कधीच करत नाही. आम्ही गेली काही वर्षे वस्तीतल्या अभ्यासिकांच्या मुला-मुलींना घेऊन सातपुड्यात जातो. त्यातून गाइड या माणसाबद्दल जे समजले, ते इथे मांडत आहोत.

सहल ही काही आपल्या चळवळीबाहेरची गोष्ट नाही. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसोबत वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचे ठरले. रमजानचा महिना होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दरवाज्याबाहेरच्या हौदात हातपाय-तोंड धुतले आणि हौद बाटवला म्हणून आरडाओरडा सुरू झाला. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी आत जायची परवानगी मिळाली ती एका अटीवर, किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यावर लक्ष ठेवायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला गेला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणांमध्ये बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. हिंदूंसाठी अस्पृश्य असलेला माणूस इतर धर्मीयांसाठीही कसा अस्पृश्य ठरतो हे त्यांना दाखवायचे होते. आम्ही सहलीच्या आदल्या रविवारी हा प्रसंग अभ्यासिकेत वाचतो. बाबासाहेबांना किल्ला पाहताना सोबत जो माणूस मिळाला तो वाट दाखवायला आलेला नव्हता, हे पोरांच्या बरोबर लक्षात येते. मग गाइडविषयी बोलणे सोपे जाते.

आता सातपुड्याकडे येऊ. आपल्यासाठी दोन सहली सोयीच्या आहेत. अमरावतीहून परतवाडामार्गे चिखलदरा आणि गाविलगड. अंतर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, घाट धरून अडीच तास. अकोल्याहून अकोट, पोपटखेड, शहानूर आणि तिथून नरनाळा. सत्तर किलोमीटरच्या आसपास. दोन्ही ठिकाणी मेळघाटच्या जंगलाचा संबंध येतो. १९७३-७४ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. नरनाळा किल्ला या व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो, म्हणून शहानूरच्या गेटवर नोंद, शुल्क आणि तपासणी असते. चिखलदरा हे नगर परिषदेचे गाव आहे, तिथे अशी अडवणूक नाही.

या फरकामुळे गाइडही वेगळा पडतो. चिखलदऱ्यात बहुतेक वेळा जीपवाला किंवा तुम्ही शहरातून नेलेला ड्रायव्हरच गाइड असतो. त्याचे काम एका पॉइंटवरून दुसऱ्या पॉइंटवर नेणे आणि ठरलेल्या हॉटेलसमोर गाडी उभी करणे. टूरचे पॅकेज घेतले तर शहरातलाच एखादा मुलगा माइक घेऊन बसतो. वनखात्याच्या गेटवर मिळणारा गाइड मात्र साधारणपणे आसपासच्या गावातला असतो. त्याला जंगलाची माहिती असते, प्राण्यांची चाहूल कळते, आणि त्याची मजुरी थेट त्याच्या हातात किंवा गावाच्या समितीमार्फत मिळते. चौथा प्रकार फार कमी लोक वापरतात : गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला किंवा शिकलेल्या मुलीला आधी विचारून, दिवसाची मजुरी ठरवून सोबत घेणे. आमचा आग्रह याच प्रकारासाठी आहे. जिथे गेटचा गाइड बंधनकारक असेल तिथे तो घ्यावाच, आणि जमल्यास गावातला माणूसही सोबत असावा.

पैशाचे गणित साधे आहे. तीस जणांची सहल अमरावतीहून निघते तेव्हा गाडीभाडे, डिझेल, नाश्ता, पाण्याच्या बाटल्या, चिप्सची पाकिटे हे सगळे शहरातच खर्च होते. डोंगरावर पोहोचतो तो कणसाचा, चहाचा आणि पार्किंगचा पैसा. कोरकू घरापर्यंत त्यातले काय जाते याचा हिशेब एकदा प्रत्येक मंडळाने वहीत मांडून पाहावा. आम्ही मांडला तेव्हा आमची मुले गप्प झाली होती. गावातला गाइड आणि गावातच बनवलेले जेवण एवढे दोन बदल केले तरी चित्र पुष्कळ बदलते.

पण पैशापेक्षा महत्त्वाचे आहे ते सांगणे. चिखलदऱ्याला ठराविक गोष्ट ऐकायला मिळते. भीमाने कीचकाला मारले आणि दरीत फेकले, म्हणून कीचकदरा, त्याचे चिखलदरा झाले. ते भीमकुंड, तिथे त्याने अंग धुतले. मग हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने १८२३ मध्ये हे ठिकाण ‘शोधले’. मग इंग्रजांनी लावलेली कॉफी. उंची अकराशे मीटरच्या वर. झाले, पुढचा पॉइंट. या गोष्टीत महाभारतातले लोक आहेत, इंग्रज आहेत, फक्त इथे राहणारा माणूस नाही. जिथे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते ते ठिकाण कुणीतरी ‘शोधले’ हे ऐकून आपल्या मुलांना प्रश्न पडायला हवा. आपला इतिहास इतरांनी सांगितला तेव्हा त्यातून आपण कसे गायब झालो होतो, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

कोरकू माणूस गाइड असला की हीच जागा वेगळी ऐकू येते. ‘कोरकू’ या शब्दाचा अर्थच माणसे : कोरो म्हणजे माणूस, त्याचे अनेकवचन कोरकू. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही आणि शेजारच्या गोंडीच्या द्राविडी कुळातलीही नाही. ती मुंडा कुळातली आहे, झारखंड-ओडिशाकडच्या संथाली आणि मुंडारीची नातेवाईक. या कुळातली सर्वांत पश्चिमेकडची भाषा आपल्या अमरावती जिल्ह्यात बोलली जाते आणि आपण तिचे चार शब्दही ऐकलेले नसतात. मेळघाटातल्या सिपना नदीचे नाव कोरकूतल्या सागवानाच्या शब्दावरून आले. गावाबाहेर लाकडी कोरीव खांब दिसतात, त्यांना मुंडा म्हणतात. ते मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले असतात. शहरातली मुले त्याला टेकून सेल्फी काढतात. बाजूला तो माणूस उभा असला, आणि हा माझ्या आज्याचा आहे असे म्हणाला, की फोन आपोआप खिशात जातो. पाटी लावून हे होत नाही.

गाविलगडावरही असेच. किल्ला बहमनी आणि इमादशाही काळातला. दरवाज्यावरचे शिल्प, तोफा, तलाव हे सगळे पाहण्यासारखे आहे आणि त्यावर माहितीही भरपूर मिळते. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. त्यासाठी कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी एलिचपूरहून, म्हणजे आजच्या अचलपूरहून, धामणगाव गढीच्या बाजूने डोंगर चढून उत्तरेच्या अंगाला गेली. रस्ता नव्हता. तो करत करत जड तोफा माणसांनी हाताने ओढत नेल्या. १५ डिसेंबरला किल्ला पडला आणि दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याला जाताना आपली गाडी साधारण त्याच बाजूने वर चढते. वेलस्लीचे नाव प्रत्येक पुस्तकात सापडते, तोफा ओढणाऱ्यांचे नाही. आम्ही त्या वळणावर गाडी थांबवून एवढेच सांगतो आणि पुढे निघतो. जास्त भाषण केले तर कणसाची चव जाते, असे एक मुलगी म्हणाली होती. बरोबर आहे.

नरनाळ्याची गोष्ट अकोल्याच्या मुलांसाठी अधिक जवळची आहे. किल्ला प्रचंड मोठा, मुख्य नरनाळा आणि बाजूला तेलियागड व जाफराबाद. महाकाली दरवाजा पाहिला नाही तर गेलेच कशाला, असे वाटावे इतका तो सुंदर आहे. त्यावर १४८७ सालचा फारसी शिलालेख आहे आणि फतेहउल्ला इमाद-उल-मुल्क याचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. हाच पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक. तो मूळचा विजयनगरकडच्या ब्राह्मण घरातला, लहानपणी लढाईत पकडला गेलेला आणि मुसलमान झालेला. आजच्या दिवसांत हा एवढा तपशीलही मुलांना विचार करायला लावतो.

पण नरनाळ्याच्या पायथ्याशी दुसरा इतिहास चालू आहे, आणि तो शिलालेखात नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातली गावे उठवून अकोट-तेल्हारा भागात खाली आणली गेली. आधी बोरी, कोहा, कुंड. नंतर केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा, धारगड, बारूखेडा, नागरतास, अमोणा अशी. २००८ च्या धोरणानुसार कुटुंबाला दहा लाख रुपये किंवा शासनामार्फत संपूर्ण पुनर्वसन असे दोन पर्याय होते. २०२१ मध्ये ही रक्कम पंधरा लाख झाली. जमीन मिळाली नाही, खाली आल्यावर आजारपणे वाढली, हाताला काम नाही, अशा तक्रारी घेऊन काही गावांचे लोक पुन्हा जंगलात जाऊन बसले. जानेवारी २०१९ मध्ये तिथे वनखाते-पोलीस आणि गावकरी यांच्यात संघर्ष झाला, दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले. २००६ चा वनहक्क कायदा सांगतो की ग्रामसभेची माहितीपूर्ण आणि स्वखुशीची संमती असल्याशिवाय असे हलवता येत नाही. ती संमती कशी घेतली गेली, हा खरा वाद आहे.

आम्ही वाघाच्या विरोधात नाही. जंगल राहिले पाहिजे आणि त्यासाठी काही ठिकाणे मोकळी ठेवावी लागतील, हे आम्हालाही पटते. पण ज्या जंगलातून माणसाला उठवले, त्याच जंगलात आपण तिकीट काढून जातो, ही गोष्ट सहलीत कुणीतरी बोलली पाहिजे. गेटवरचा गाइड कदाचित अशाच एखाद्या गावचा असेल, कदाचित नसेल. वनखात्याच्या गेटवर त्याची रोजीरोटी आहे. त्याला सगळ्यांसमोर ‘तुमच्यावर अन्याय झाला ना?’ असे विचारणे म्हणजे त्याला अडचणीत टाकणे. आपले काही कार्यकर्ते उत्साहात हे करतात, वर मोबाइलवर रेकॉर्डिंगही सुरू असते. तसे करू नका. त्याचे गाव कोणते, आधी कुठे होते, घरी कोण कोण असते, शेती आहे का, एवढे साधे बोला. सांगायचे असेल तर तो चालता चालता सांगेल.

एकदा शहानूरकडच्या एका तरुण गाइडने आमच्याच मुलांना उलट विचारले, “तुम्ही अकोल्यात कुठं राहता? तुमची वस्ती पाहायला कुणी येते का?” आमच्या मुलांनी सांगितले की निवडणुकीच्या वेळी येतात, आणि कधीमधी कॉलेजची समाजकार्यवाली पोरं सर्व्हेचे फॉर्म घेऊन येतात. तो हसला. म्हणाला, आमच्याकडंही तेच येतात, वर तुमच्यासारखे. त्या दिवशी पुढची चाल फार मोकळी झाली.

पाहणे या क्रियेबद्दल आपल्याला अधिक कळायला हवे. मेळघाट म्हटले की शहराला कुपोषण आठवते. १९९३ साली इथल्या बालमृत्यूंची देशभर चर्चा झाली, तेव्हापासून समित्या, दौरे, न्यायालयातल्या याचिका सुरूच आहेत. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत विहिरीचे दूषित पाणी प्यायल्याने साथ पसरली आणि माणसे दगावली. त्याच जुलैत, त्याच तालुक्यातल्या धबधब्यांवर आपल्या गाड्यांची रांग होती. हौदाच्या पाण्यावरून अपमान सोसलेल्या आणि चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यालेल्या समाजाला ही बातमी बाजूच्या कॉलमातली वाटू नये.

म्हणून मग काही जण सहलीत जुने कपडे आणि बिस्किटांचे पुडे घेऊन जातात. गाडी थांबवायची, लहान मुलांना रांगेत उभे करायचे, वाटायचे, फोटो काढायचा. आमचे याबाबत मत स्पष्ट आहे : हे बंद करा. आपल्या वस्तीत कुणी अशी गाडी थांबवली तर आपण काय करतो ते आठवा. मदत करायची असेल तर वर्षभर करा. आश्रमशाळेतल्या मुलांना शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला, जात पडताळणीची कागदपत्रे जुळवायला आपल्या वस्तीतली शिकलेली मुले नक्की उपयोगी पडतील. हे काम फोटोत दिसत नाही. तसेच कोरकूंना धम्म समजावून सांगण्याची घाई करणारेही भेटतात. पहिल्याच भेटीत आपण सांगणारे आणि ते ऐकणारे, अशी जागा घेऊन बसलो तर गाइड नेमून उपयोग काय?

आणखी एक, जरा टोचणारे. सहलीत जेवणाची वेळ होते, आपण गोल करून बसतो, डबे उघडतात. ड्रायव्हर गाडीजवळ, गाइड झाडाखाली. कुणी मुद्दाम केलेले नसते. नंतर कुणीतरी पत्रावळीवर वाढून त्यांना नेऊन देते. आपल्याच समाजाच्या सहलींमध्ये आम्ही हे पाहिले आहे. आमच्या सहलीत आता नियम आहे की गाइड आणि ड्रायव्हर पंगतीत बसल्याशिवाय वाढायला सुरुवात होत नाही. डोंगरात सगळे समान आहेत असाही गैरसमज नको. कोरकूंसोबत गोंड, गवळी, बलाई, निहाल असे अनेक समाज इथे राहतात आणि निहालांना कमी लेखण्याची जुनी रीत कोरकूंमध्येही होती. हे गाइडकडूनच कळले तर बरे, आपण पुस्तकातून वाचून त्याला ऐकवू नये.

अमरावतीच्या मंडळांना आमची सूचना आहे की चिखलदऱ्याचे दोन पॉइंट कमी करा आणि परतवाड्याजवळच्या पायविहीरला थांबा. अचलपूर तालुक्यातल्या या गावाला २०१२ मध्ये सुमारे १९३ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड टेकड्या गावाने राखल्या, झाडे लावली, सीताफळ आणि तेंदूपत्त्याची विक्री ग्रामसभेने आपल्या हातात घेतली. २०१४ मध्ये गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. या कामात परतवाड्याची ‘खोज’ ही संस्था गावासोबत राहिली आहे. सामूहिक वनहक्क म्हणजे काय, हे कायद्याच्या पुस्तकातून मुलांना समजावताना आम्हाला दोन तास लागायचे. तिथल्या टेकडीवर, ग्रामसभेत बसणाऱ्या माणसाकडून ते वीस मिनिटांत समजते. मात्र न कळवता बस घेऊन जाऊ नका. लोकांना शेतीची कामे असतात.

आता तयारीबद्दल थोडे. एका गाइडमागे बारा-पंधरापेक्षा जास्त जण नकोत. तीस असाल तर दोन गाइड घ्या, मागच्यांना काही ऐकू येत नाही आणि मग तेच टिंगल करतात. मजुरी आधी ठरवा, त्यात घासाघीस नको, आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर मान देऊन हातात द्या. त्याला ‘ए दादा’ नको, नाव विचारा आणि नावाला जी किंवा भाऊ लावा. वयाने मोठा असेल तर काका. मुलींची संख्या चांगली असेल तर बाई गाइड मिळते का ते आवर्जून विचारा. किल्ल्यावर स्वच्छतागृहाची सोय धरू नका, म्हणून परतवाडा किंवा अकोटला थांबा ठेवा आणि तो वेळापत्रकात लिहा. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत त्याचे कारण हेच असते. पावसाळ्यात गाभ्यातली जंगल सफारी बंद असते आणि नरनाळ्याचा प्रवेशही परिस्थितीनुसार बदलतो, त्यामुळे आदल्या दिवशी गेटवर विचारूनच निघा. प्लास्टिक खाली ठेवून जा. घाटात धुके उतरते, चार-साडेचारला वरून निघालेले बरे. स्पीकर घरीच ठेवा; भीमगीते आपण गाडीत तोंडाने म्हणतो ती जास्त छान लागतात. होळीच्या दिवसांत गेलात तर रस्त्यात कोरकू मंडळी गाडी थांबवून फगवा मागतील. तो सणाचा रिवाज आहे, लूट नाही. सुटे पैसे ठेवा आणि ढोलकीच्या ठेक्यावर दोन पावले टाका.

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नरनाळ्याची सहल ठेवत आहोत. जागा तीस, त्यातल्या निम्म्या मुलींसाठी. खर्च सगळ्यांमध्ये सारखा वाटला जाईल, ज्यांना जमणार नाही त्यांचा वाटा इतरांनी उचलायचा आहे. गाइड दोन, दोघेही पायथ्याच्या गावचे. जेवण तिथेच, ज्वारीची भाकर आणि जे शिजेल ते. ज्यांना यायचे आहे त्यांनी आपापल्या अभ्यासिकेत नाव नोंदवावे आणि दौलताबादचा प्रसंग वाचून यावे.

जय भीम.